फुटबॉलसंबंधी कोणतीही कृती

शब्द न शब्द खरा आहे हां. आधीच सांगते आणि मोठ्याने सांगते, म्हणजे मागे बसलेल्यांनाही ऐकू जाईल. गावच्या क्रुसाला हात लावून सांगते, ह्यातलं एक जरी वाक्य खोटं निघालं तर माझे राहिलेले चार दात उद्या सकाळच्या भाकरीत रुतून बसोत. तर मे महिन्यातला रविवार. चर्चमधली आठची मिस्सा सुटलेली. नंदाखाल गावातल्या एका मैदानावर लग्न झालेले विरुद्ध सडेफटिंग अशी मॅच चाललेली. ती दर मे महिन्यात होते, आणि लग्न झालेल्यांची पोटं अशी की त्यांचा गोलकीपर उभा राहिला की मागचा गोल दिसत नाही. त्यांच्यातल्या ज्युडने बॉल हाणला तो नारळीच्या झावळ्यांतून, कुंपणावरून, सरळ रस्त्यावर. रस्त्याने हिलरी मास्तर घरी चालला होता. अडुसष्ट वर्षांचा, शाळेत चौतीस वर्षं पीटी शिकवून रिटायर झालेला, हातात पावाची पिशवी. समोरून स्कूटरवर, पुढे केळीचा अख्खा लोंगर उभा करून, एरॉल येत होता. बॉल उड्या मारत आला आणि एरॉलच्या चपलेला लागून थांबला. आतून सगळे ओरडले, "एरॉल, मार रे! आण इकडे!" हा एरॉल म्हणजे तीस वर्षांचा गडी, लीगमध्ये पगारी खेळणारा डिफेंडर. त्याने नुसता पाय झटकला असता तरी बॉल मैदानाच्या मधोमध जाऊन पडला असता. पण विंचू दिसल्यासारखा त्याने पाय मागे घेतला. स्कूटर स्टँडवर लावली. वाकला, बॉल दोन्ही हातांनी उचलला, शर्टाला पुसला आणि हिलरीच्या हातात दिला. "सर, तुम्ही द्या. मला नाही चालत," म्हणाला. "फुटबॉलसंबंधी कोणतीही कृती, असं लिहिलंय ना. ही कृतीच झाली." आणि लोंगर सावरत निघून गेला.

त्याच्या आवाजात टोमणा असता तर हिलरीला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, नाहीतर रागावता तरी येतं. पण तो असं बोलला होता जसा एखादा मधुमेहवाला लाडवाच्या ताटाला हात जोडतो. हिलरी उभा. कुंपणाच्या आतून "सर, बॉल! सर, बॉल!" चाललेलं. आणि त्याचे पाय आपोआप घराकडे वळले, एका हातात पाव, दुसऱ्या बगलेत बॉल. मॅच तिथेच बंद पडली. दोन-दोन बरोबरी होती, आजही ती दोन-दोनच आहे, कोणालाही विचारा. चालता चालता त्याच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, कोणतीही. तो शब्द त्याचाच होता. लीगची शिस्त समिती तीन जणांची. विरारचा आत्माराम वकील अध्यक्ष, अक्षदा नावाची एक पूर्वी रेफरी असलेली पोरगी, आणि तिसरा हिलरी, कारण गावागावातले खेळाडू त्याला मानतात. किनाऱ्यापासून सातिवलीपर्यंतच्या आठ टीम, प्रत्येकीला एक मालक, आणि भांडण झालं की कागद ह्या तिघांपुढे. एरॉलच्या वेळी इंग्रजी हुकूम आत्मारामने तयार केला होता, आणि पोरांना कळावं म्हणून मराठी हिलरीने लिहिलं. एक वर्ष बंदी. ‘ह्या काळात खेळाडूने फुटबॉलसंबंधी कोणतीही कृती करू नये.’ इंग्रजीत असलं काही नव्हतं. तिथे सामने आणि सराव एवढंच होतं. कोणतीही हे हिलरीने आपल्या मनाने घातलं, छान वाटलं म्हणून, वाक्य भरल्यासारखं वाटलं म्हणून. आत्माराम वाचून म्हणाला होता, "वा मास्तर! मुंगी शिरेल एवढं भोक ठेवलं नाहीत." आणि त्या संध्याकाळी हिलरी ते कौतुक खिशात घातल्यासारखं घरी घेऊन आला होता.

घरी विनी कोळंबी सोलत बसली होती. विनी म्हणजे हिलरीची बायको. हिच्या नजरेतून माशाचा काटा सुटत नाही, तिथे नवऱ्याच्या बगलेतला फुटबॉल काय सुटणार. "पाव आणायला पाठवला होता," ती म्हणाली. "हे काय, त्याच्यावर फ्री मिळालं?" हिलरीने पिशवी ठेवली आणि ओट्यावरच्या खुर्चीत बॉल मांडीवर घेऊन बसला. बॉल अजून गरम होता. उन्हाने असेल, इतक्या जणांच्या लाथांनी असेल. शिवण एका ठिकाणी उसवलेली, तिच्यावरून त्याचा अंगठा फिरत राहिला. "अहो, एरॉल भेटला का?" विनीने आतून विचारलं. ह्या बाईला कसं कळतं, देव जाणे. "भेटला." "काय बोलला?" "काही नाही." "म्हणजे बोलला." मग नुसता कोळंबीचा आवाज, सालं ताटलीत पडण्याचा. "मी परवा त्याच्या आईकडे गेलेली, एस्थरकडे," ती पुढे म्हणाली. "टीव्हीवर मॅच लागली की उठून केळीच्या वाडीत जातो म्हणे तो. ती म्हणते, बघणं पण बंद आहे का विनी, मास्तरांना विचार. मी म्हटलं, विचारते." बघणं ही कृती आहे का? हिलरीला खरंच सांगता येईना. इतकं थकल्यासारखं वाटलं त्याला, की बॉल मांडीवरून खाली ठेवायचंही त्राण राहिलं नाही. म्हातारपण गुडघ्यातून येतं म्हणतात. त्याचं ह्या एका शब्दातून आलं, त्या सकाळी, साडेनऊ वाजता.

एप्रिलची ती मॅच. उमंगची टीम सातिवलीची, एरॉल तिच्यातलाच. हा उमंग होळी गावच्या हरिभाऊंचा मुलगा. बाप भाजीच्या वाडीत आयुष्यभर वाकून राहिला, आणि पोराने सातिवलीत गोदामं टाकली, मग फुटबॉलची टीम घेतली. त्याच्या टीमच्या मॅचेस नेहमी पूर्वेला, प्लास्टिकच्या गवतावर, जिथे गोदामांत शिरणाऱ्या ट्रकच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. त्या दिवशी तिथलं गवत उखडलेलं, म्हणून मॅच इकडे, किनाऱ्याकडच्या गावातल्या मैदानावर ठेवली. दिवे नाहीत म्हणून लवकर सुरू करायची होती, पण पाहुण्यांची बस फाटकात अडकली आणि उशीर झाला. बरोबरी चाललेली, शेवटची चार मिनिटं. आभाळात अजून उजेड, गवतावर सावल्या ताडासारख्या लांबलेल्या. हिलरी समितीचा माणूस म्हणून कडेला खुर्ची टाकून बसलेला. एरॉल आपल्याच गोलसमोर, बॉल त्याच्या पायात, जवळ कोणी नाही, सगळं निवांत. आणि त्याने बॉल पायाने थांबवला, वाकून हातात घेतला, छातीशी धरला आणि उभा राहिला. आपल्याच पेनल्टी एरियात. रेफरीची शिट्टी वाजली. पेनल्टी, गोल, मॅच गेली. मग उमंग धावला. मी म्हणते, गोदामाचा मालक इतका जोरात धावलेला ह्या तालुक्यात कोणी पाहिला नसेल, त्याचा एक बूट मागेच राहिला. त्याने जाऊन रेफरीची कॉलर धरली, असा हलवला की शिट्टी तोंडातून उडाली. आणि एरॉल अजून तिथेच, हात आता रिकामे, चेहरा झोपेतून उठवलेल्या माणसाचा.

सुनावणीला उमंग फुलांचा गुच्छ घेऊन आला. तो गुच्छ आत्मारामच्या ऑफिसच्या दारातून आत येईना, शेवटी आडवा करून घेतला. उमंग बोलला छान. "साहेब, माझं चुकलं, रेफरीसाहेबांची माफी मागतो, पाया पडतो. पण माझ्याच माणसाने, आजूबाजूला कोणी नसताना, बॉल हातात घ्यावा? मालकाच्या जागी बसून बघा. मी कोणाचं नाव घेत नाही. तो विकला गेला असं मी म्हणत नाही. तुम्हीच काय ते समजा." म्हणत नाही म्हणत त्याने सगळं म्हणून टाकलं, आणि खोलीत तो वास राहून गेला. मग एरॉल. कोपऱ्यातल्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात. आत्मारामने विचारलं, "का घेतलास?" "चूक झाली." "कोणी सांगितलं होतं?" "नाही." "मग का?" तेव्हा एरॉलने एकदा, एकदाच, हिलरीकडे बघितलं होतं. विचारल्यासारखं नाही, आशेने वगैरेही नाही. शाळेत प्रश्न आला की हुशार पोरगं मास्तरांकडे बघतं ना, की हे तर तुम्हीच शिकवलंय, तुम्हीच सांगा, तसं. आणि हिलरीने समोरच्या कागदावर खाली मान घातली होती. गावचा पोरगा. जातीचा, चर्चचा, आपल्याच हाताखालचा. आपण त्याच्या बाजूने एक शब्द बोललो की आत्माराम मनात म्हणणार, आले, मास्तर गाववाल्यावर आले. ह्या भीतीने हिलरी गप्प बसला. गप्प बसला तेवढं ठीक, वर तोच म्हणाला, "सहा महिने कमी होतील. वर्ष द्या." उमंगला दोन मॅचेस मैदानात प्रवेश नाही. त्या दोन्ही मॅचेस उमंगने शेजारच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून पाहिल्या, थर्मास घेऊन, दुर्बीण घेऊन. दुर्बीण अशी की अर्नाळ्याच्या होडीतली पापलेटं मोजावी. फोनवरून कोचला सांगत होता, ह्याला काढ, त्याला घाल. अक्षदाने तक्रार केली तर आत्माराम म्हणाला, हुकुमात मैदान लिहिलंय, गॅलरी नाही. मालकाचा हुकूम आत्मारामने लिहिला होता, त्यात मोकळी हवा खेळत होती. खेळाडूचा हिलरीने लिहिला होता.

ओट्यावर ऊन पायाशी आलं. हिलरीने पाय ओढून घेतले. कंपाउंडच्या फाटकातून ज्युड डोकावला, घामाने निथळत, पोटावर हात ठेवून. "सर, आमचा बॉल जप्त केलात काय?" "घेऊन जा." "नाही, म्हटलं आमच्यावर पण बंदी आली की काय." तो हसला, मग हिलरीचं तोंड बघून हसू आवरलं. बॉल घेऊन जाताना फाटकाशी थांबला. "सर, एक विचारू? त्या दिवशी सात वाजलेले ना? ती घंटा झाली तेव्हा आमच्या घरी बाबांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल वकिलाला." आणि गेला. मांडी हलकी झाली, आणि तिथे नुसती गरम गोल जागा राहिली. सातची घंटा. हिलरीला माहीत नव्हतं असं नाही. महिनाभर ती त्याच्या आत, भिंतीपलीकडे कोणी वाजवावी तशी वाजत होती, आणि तो भिंतीला पाठ लावून बसला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की खेळ थांबवायचा, हा नियम गावात पूर्वी होता, पण कडक केला हिलरीने. त्याची शिट्टी अशी की निर्मळच्या नाक्यावर एसटी थांबायची. घंटा झाली की ज्याच्या पायात बॉल असेल त्याने तो उचलून हातात घ्यायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, माना खाली. हिंदू पोरंही उभी राहायची, त्यांना वाटायचं हा फुटबॉलचाच नियम आहे. एकदा बारा वर्षांच्या एरॉलने घंटा चालू असताना गोल मारला. सगळे उभे, गोलकीपरचे डोळे मिटलेले, आणि ह्याने बॉल जाळ्यात घातला आणि नाचला. हिलरीने त्याला महिनाभर बसवला. रोज संध्याकाळी मैदानाबाहेर, बॉल छातीशी धरून, इतरांचा खेळ संपेपर्यंत. त्या महिन्यात पोराचे हात कसे दिसायचे ते हिलरीला आता आठवलं, बॉलभोवती घट्ट, नखं पांढरी पडलेली. एस्थर विचारायला आली होती, मास्तर, किती दिवस? तेव्हा तो म्हणाला होता, अंगात मुरेपर्यंत. मुरली. अठरा वर्षांनी, चार मिनिटं उरलेली असताना, मोकळ्या बॉलवर, मुरलेली शिक्षा बाहेर आली. एका शिक्षेने पोरगा थांबायला शिकला, आणि थांबला म्हणून दुसरी शिक्षा. दोन्हींवर सही एकाच माणसाची.

पण त्याच्याही खाली काहीतरी होतं, आणि ते टोचत होतं. हिलरीने पुन्हा पुन्हा ती चार मिनिटं डोळ्यांपुढे आणली. लांब सावल्या दिसल्या. एरॉलच्या पायातला बॉल दिसला. उमंगचा मागे राहिलेला बूटसुद्धा दिसला, तपकिरी, आत मोजा अर्धा निघालेला. पण एरॉल वाकला, हातात घेतला, छातीशी धरला, हे? ते त्याने रेफरीच्या रिपोर्टात वाचलं होतं. मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यात पाहिलं होतं, त्यावर कोणीतरी गाणं चढवलेलं. पण स्वतः? मधे काहीच नव्हतं. नुसता लालसर अंधार होता, ऊन असताना पापण्या मिटल्यावर होतो तसा, आणि ओठांवर शब्दांची हालचाल. हिलरी खुर्चीत ताठ झाला. त्याने पाहिलंच नव्हतं. घंटा झाली तेव्हा त्याचेही डोळे मिटलेले होते. आणि हुकुमात, आपल्याच सुबक मराठीत, त्याने लिहिलं होतं, ‘समितीचे सदस्य हिलरी यांनी सदर घटना प्रत्यक्ष पाहिली आहे.’ ते खोटं लिहिताना त्याला खोटं वाटलं नव्हतं, हेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं. आतून विनी म्हणाली, "जेवायला या. आणि उद्या ती मीटिंग आहे ना, आत्मारामकडची? एरॉलचा बंदी उठवायचा अर्ज?" होती. सोमवारी चार वाजता. अर्जावर विचार करून बंदी कायम, एवढी एक ओळ लिहायची आणि तीन सह्या. कायम झाली की एरॉलचा करार संपला, आणि तीस वर्षांचा डिफेंडर एक वर्ष बाहेर बसला की परत आत कोणी बोलावत नाही. हे गावात बकरीलाही माहीत होतं. जेवताना विनी त्याच्याकडे बघत राहिली. "काटा लागला का?" "कोळंबीत काटा असतो?" "तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं," ती म्हणाली.

सोमवारी आत्मारामचं ऑफिस. विरारला, मेडिकलच्या वर. पंखा असा हळू की त्यावर कबुतर बसून झोपलं असतं. आत्मारामही दमलेलाच माणूस, दिवसभर कोर्टात, मग हे. "बसा मास्तर. दोन मिनिटांचं काम. कायम, सही, चहा."

"मी पाहिलं नव्हतं," हिलरी म्हणाला.

"काय पाहिलं नव्हतं?"

"एरॉलने बॉल हातात घेतला ते. माझे डोळे मिटलेले होते."

"झोप लागली होती?"

"प्रार्थना करत होतो. सातची घंटा झाली होती. आमच्याकडे घंटा झाली की पोरं बॉल हातात घेऊन उभी राहतात. मीच शिकवलं. एरॉलला तर मारून मुटकून शिकवलं."

आत्मारामने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मास्तर, हे महिन्यापूर्वी का नाही बोललात?"

"तो माझ्या गावचा म्हणून."

"आणि आता बोलताय, तर लोक काय म्हणतील? तो गावचा म्हणूनच बोलतात. दोन्हीकडून तेच." तो चिडला नव्हता. चिडायला लागणारं बळ त्याच्यापाशी नव्हतं. अक्षदा मात्र लॅपटॉप उघडून बसली होती. "सर, लीगचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. त्याच्यावर गाणं नाहीये," ती म्हणाली, आणि पट्टी सरकवत सरकवत शेवटच्या मिनिटांवर आली. आवाज पूर्ण मोठा केला. आधी नुसती गर्दीची गुणगुण, कोणाचा तरी खोकला. मग दूर, ताटलीवर चमचा वाजवावा इतकी बारीक, घंटा. पडद्यावर एरॉल बॉल थांबवतो. आणि त्याच वेळी, डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा खुर्चीतून उठतो, डोक्यावरची टोपी काढतो, मान खाली घालतो. इकडे हा वाकला, तिकडे तो उठला, एकाच दोरीने ओढल्यासारखे. मधे एकवीस माणसं पळताहेत, रेफरी पळतोय, आणि अख्ख्या मैदानात दोनच जण उभे. "सर, हे तुम्ही," अक्षदा हळू म्हणाली. हिलरी बघत राहिला. आपण असे दिसतो? इतके वाकलेले, इतके आज्ञाधारक? त्याला त्या म्हाताऱ्याची कीव आली, आणि राग आला. ओरड ना, त्याला वाटलं, डोळे उघड आणि रेफरीला ओरडून सांग. पडद्यावरचा म्हातारा प्रार्थना पूर्ण होईपर्यंत हलला नाही. तोवर रेफरीने पेनल्टी देऊन टाकली होती.

आत्मारामने ते दोनदा पाहिलं. "पण नियमात घंटा नाही, मास्तर."

"नाही. पेनल्टी बरोबर होती. पिवळं कार्डही बरोबर. वर्ष बरोबर नव्हतं. आणि ज्याने रेफरीला हात लावला तो गॅलरीत बसून चहा प्यायला, हे तर मुळीच नाही."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," अक्षदा म्हणाली.

"तू म्हटलं होतंस," आत्माराम म्हणाला. "आणि मी ऐकलं नव्हतं. का ते सांगू? मालकाला जास्त कसलं की तो टीम उचलतो. आठाच्या सात झाल्या की लीग बसली. खेळाडू एक गेला तर फाटकाबाहेर दहा उभे असतात. हे बरं आहे असं मी म्हणतोय का? मी दमलोय, मास्तर. माझ्याच्याने जेवढं धरवतं तेवढं धरतो." खाली मेडिकलवाल्याचं शटर कोणीतरी उगाच अर्धं ओढलं. मग आत्मारामने कागद पुढे घेतला आणि लिहिलं, ‘खेळाडूच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून बंदी आजपासून उठवण्यात येत आहे.’ हिलरी म्हणाला, "सहानुभूती कशाला? चूक लिहा. समितीची चूक झाली." "चूक लिहिली तर उद्या आठही टीम अर्ज घेऊन दारात. पोराला खेळायला मिळतंय ना? घ्या, सही." हिलरीने सही केली. मग कोरा कागद मागितला आणि आपल्या सुबक अक्षरात स्वतःचा हुकूम लिहिला. समितीचे सदस्य हिलरी यांनी न पाहिलेली घटना पाहिली असे लिहिल्याबद्दल एक वर्ष फुटबॉलसंबंधी कोणतीही कृती करू नये. आत्मारामने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "मास्तर, आपल्या नियमावलीत मालक आहे, खेळाडू आहे, कोच आहे, बाटल्या उचलणारासुद्धा आहे. समितीवाला नाही. आपल्याला शिक्षेची तरतूदच नाही." आणि चहा आला तेव्हा त्याने कप त्या कागदावर ठेवला.

येताना रिक्षात हिलरीने बंदी उठवल्याचा हुकूम घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि वरून हात दाबून धरला होता. कागद घामाने मऊ झाला. आपल्याला हलकं का वाटत नाही, हे तो स्वतःला विचारत होता. मिस्सेच्या आधी पापं सांगून येतो तेव्हा कसं, फादर सांगतात तेवढ्या प्रार्थना म्हटल्या की झालं, माणूस धुतल्यासारखा बाहेर येतो. इथे कोणी काही म्हणायला सांगितलं नव्हतं. इथे तो नुसता निर्दोष सुटला होता. एरॉलच्या घरापाशी उतरला तर एस्थर म्हणाली, वाडीत आहे. वाडीत केळी घडाने वाकल्या होत्या, आणि एरॉल एकेकीला बांबूचा टेकू देत होता. घाम डोळ्यांत जातोय, हाताला केळीचा काळा चीक. हिलरी पाटाचं पाणी ओलांडून गेला. "बंदी उठली," म्हणाला. मग ठरवलं नव्हतं तरी म्हणाला, "चूक माझी होती. सुनावणीला तू बघितलंस माझ्याकडे. मी खाली बघितलं." एरॉलने हात पँटला पुसून कागद घेतला, ओळ न ओळ वाचला. आणि मग हसला. शाळेतल्यासारखा, सगळे दात दाखवून. म्हणाला, "जाऊ द्या सर. झालं ते झालं. उद्यापासून प्रॅक्टिस." हिलरीच्या छातीवरून कोणीतरी पाटा उचलला.

आता शपथ घेतलीय, आणि दात चारच राहिलेत, तर सांगून टाकते. सगळं खरं, पण हे हसणं मी घातलं. इतक्या लांब आणलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. एरॉल हसला नाही. त्याने कागद वाचला, घडीवर घडी घातली आणि विचारलं, "सर, टीम कोणाची आहे?"

टीम उमंगची होती. बंदी उठवणारे तीन होते, पण खेळवणारा तो एकच, आणि त्याने अख्ख्या तालुक्यात सांगून ठेवलं होतं की तो कोणाचं नाव घेत नाही. एरॉलने कागद परत त्याच्या हातात दिला, वाकला, आणि पुढच्या केळीला टेकू लावायला लागला. "सर, जरा इकडून धरता का?" म्हणाला. हिलरीने धरलं.